मासेबाईंचा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझे अंग पितळेचे आणि लोखंडाचे, डोळे मात्र काचेचे. माझी भिंगे घासणारा कारागीर शेवटचा हात फिरवताना श्वास रोखून धरायचा, एवढेच मला जन्माबद्दल आठवते. पुढे खोक्यात बसून मी मत्स्यशेतीच्या एका संशोधन केंद्रात आलो. मला खिडकीजवळच्या टेबलावर मांडले. शेजारच्या शेडमध्ये माशांच्या टाक्या होत्या. त्यांत हवा सोडणारा पंप दिवसभर घरघरत असे, आणि माशांच्या खाद्याचा उग्र वास माझ्या लाकडी पेटीतही शिरत असे.

माझ्यावर काम करणाऱ्या बाईंना सगळे मासेबाई म्हणत. दाटीवाटीने पाळलेल्या माशांच्या आतड्यांना सूज येई. मासे खात, पण अंगी लागत नसे, आणि शेवटी ते पाण्यावर उताणे तरंगत. या रोगावर त्या उपाय शोधत होत्या. मेलेल्या माशाचे आतडे त्या मेणात बसवत, त्याचा कागदाहून पातळ काप घेत, तो रंगवून काचपट्टीवर माझ्याखाली सरकवत. निरोगी आतड्याच्या आत बोटांसारखे नाजूक उंचवटे असतात. अन्नातला कस तेच शोषून घेतात. रोगी माशांत ती बोटे झडून गेलेली असत. वर्षानुवर्षे मी तेच उजाड आतडे दाखवत राहिलो.

मग निरोगी माशांच्या पोटातले एका जातीचे जिवाणू मासेबाईंनी वाढवले आणि खाद्यात मिसळले. काही आठवड्यांनी माझ्याखाली आलेल्या कापात बोटे पुन्हा उगवलेली होती. केंद्राचे नाव झाले. पाहुणे रांगेने माझ्यात डोकावून गेले. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तर माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी फुलून गेलो, खोटे कशाला बोलू?

मासेबाईंच्या आईलाही आतड्याच्या सुजेचा जुनाट आजार होता. थोरला भाऊ पोटाच्या विकारांचा डॉक्टर. त्याचे सगळे उपाय करून झाले होते. एका दुपारी दवाखान्यातून आईला घरी नेताना तो केंद्रात थांबला. आई स्टुलावर बसली आणि तिने माझ्या भिंगाला डोळा लावला. तिची हाडे नुसती कातड्याने झाकलेली होती.

“पोटचा मुलगा पोटाचा डॉक्टर, आणि माझं पोट काही त्याचं ऐकेना,” ती हसून म्हणाली. मग मान वर करून म्हणाली, “छोटे, माशांना देतेस ते मलाही दे की.”

मासेबाईंनी त्या जिवाणूंची बाटली फ्रिजमधून आधीच काढून ठेवली होती.

“दादा, थोडंसंच देऊ. तुझी औषधं तर संपली.”

“नको. माणसाला हे कधी कुणी दिलेलं नाही. आधी नीट तपासू.”

“तोवर आई थांबेल?”

दादाने बाटली उचलून परत फ्रिजमध्ये ठेवली.

“भांडू नका रे,” आई म्हणाली. “चला घरी, मला पडायचंय.”

आई थांबली नाही. थंडी सरता सरता ती गेली. मासेबाईंनी भावाशी बोलणे टाकले. टेबलावरचा फोन वाजला की त्या नंबर बघत आणि वाजू देत.

त्याच उन्हाळ्यात टाक्यांतले पाणी तापले. तेच खाद्य खाणारी एक अख्खी टाकी बघता बघता मेली. मासेबाईंनी काप घेतला. मी दाखवले ते भयंकर होते. आतड्याच्या भिंती फाटल्या होत्या, आणि ज्यांचे इतके कौतुक झाले तेच जिवाणू त्या फटींतून रक्तात घुसले होते.

केंद्राचे साहेब येऊन पाहून गेले. “उन्हानं मेले म्हणा. एवढी एक टाकी अहवालातून गाळा, बाई. सगळ्या कामावर पाणी पडेल.”

“पडू दे,” मासेबाई म्हणाल्या. “गाळता येणार नाही.”

मग त्यांनी स्वतःच भावाला फोन लावला. तो आला आणि काही न विचारता माझ्यावर वाकला.

“पाणी तापलं आणि हेच जिवाणू उलटले. माणसाचं अंग तर त्या पाण्याहून गरम असतं, दादा,” त्या म्हणाल्या. “मी आईला पाजणार होते. तू अडवलंस, आणि मी तुझं तोंड बघेनाशी झाले.”

दादाने डोळा काढला नाही. माझे भिंग ओले झाले.

“मला तरी कुठं माहीत होतं गं,” तो म्हणाला. “मी नुसता घाबरलो होतो. आई गेल्यापासून रोज वाटतं, तेव्हा द्यायला हवं होतं.”

मासेबाई त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसल्या.

अहवाल खरा गेला. काम बंद पडले. टाक्या रिकाम्या झाल्या, मासेबाईंची बदली झाली आणि मी कपाटात गेलो. तिथल्या ओलीने माझ्या भिंगांवर बुरशी चढली आहे. आता मला धुक्यापलीकडे काही दिसत नाही.

मित्रांनो, कपाटातल्या माझ्यासारख्यांना कधीतरी बाहेर काढा. मऊ कापडाने भिंगे हलकेच पुसा. आणि डोळा लावाल तेव्हा जे दिसेल ते, कितीही नकोसे असले तरी, खरे सांगा. मला फक्त दाखवता येते. सांगायला माणूसच लागतो.