घंटेची दोरी

बालवाडीत ज्याचा वाढदिवस असेल त्याने सुट्टीची घंटा वाजवायची, हा बाईंचा नियम होता. घंटा उंचावर होती. बाई मुलाला उचलून घेत, मग दोरी त्याच्या हाती लागे.

म्हणून बाईंच्या गर्भाशयात मोठी गाठ निघाली, तेव्हा त्यांनी डॉक्टरीणबाईंना आधी हेच विचारलं, "मुलांना उचलता कधी येईल?"

"पोट उघडून ऑपरेशन केलं तर काही महिने नाही. छोट्या भोकातून, दुर्बिणीने केलं तर लवकर."

"मग दुर्बीणच बरी."

"पण एवढी गाठ त्या भोकातून बाहेर कशी येणार?" नवऱ्याने विचारलं.

"आतच पात्याने तुकडे करून काढतो."

"म्हणजे किसणीच की."

"अहो, गप्प बसा ना," बाई हसत म्हणाल्या.

सोनोग्राफीत गाठ साधीच दिसत होती. क्वचित एखादी गाठ वरून साधी आणि आतून कर्करोगाची असते. काढण्याआधी ती खात्रीने ओळखता येत नाही. शंका असेल तर गाठ पोटातच प्लास्टिकच्या पिशवीत धरून फोडतात, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. शंका नव्हती, म्हणून पिशवी वापरली नाही. तुकड्यांचा ढीग तपासणीला गेला. 'साधी गाठ' असा निकाल आला. बाई लवकरच शाळेत हजर झाल्या आणि मुलांना पुन्हा उचलू लागल्या.

वर्षभराने त्यांचं पोट फुगू लागलं.

"बाई, तुमच्या पोटात बाळ आहे?" वर्गातल्या सगळ्यात लहान पिटुकलीने विचारलं.

"नाही गं. तुम्ही केलेला सगळा दंगा साठलाय तिथे."

आधी गॅस म्हणून औषध झालं, मग आतडी चिकटली असतील म्हणून. शेवटी मोठी तपासणी झाली, तेव्हा पोटभर लहान लहान गाठी दिसल्या.

डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावून दार लावून घेतलं. जुने तुकडे पुन्हा तपासले होते. "एका तुकड्यात कर्करोग होता. ढिगातले थोडेच तुकडे पाहतात. तो तेव्हा पाहिलाच गेला नव्हता."

बाई मुलांना समजावतात तशा सावकाश म्हणाल्या, "म्हणजे पातं फिरताना कण उडाले. पडले तिथे रुजले."

"हो."

"आणि पिशवी असती तर?"

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचं पेन उचललं, पुन्हा ठेवलं. "कदाचित असं पसरलं नसतं."

"आता काढता येईल?"

"नाही. औषधाने थोडा वेळ मिळेल."

बाहेर आल्यावर नवरा जिन्यातच थांबला. "मी किसणी म्हणालो होतो."

"तुम्ही गंमत करत होतात. चला."

पिटुकलीचा वाढदिवस आला. बाईंनी शिपायाकडून दोरीला दुसरी दोरी बांधून घेतली होती. पिटुकली दोन्ही हात वर करून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आता तुझा हात पोचतो बघ," बाई खुर्चीतूनच म्हणाल्या.

"मला दोरी नको. मला वर घ्या."

"वर नाही घेता येत गं."

"मग उद्या?"

बाईंनी दोरीचं टोक तिच्या हातात दिलं. पिटुकलीने दोरी ओढली. मुलं दप्तरं घेऊन पळाली.

दुसऱ्या दिवसापासून दोरी सगळ्यांच्याच हाताला येऊ लागली. वाढदिवस नसतानाही, कुणीही, केव्हाही घंटा वाजवू लागलं. बाईंनी कुणालाच अडवलं नाही.