खालच्या ओळीतली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे आणि मी चिडलेली आहे. गोड आवाज माझ्याकडून निघणार नाही.

ब्रॅकनीच्या पोलाद कारखान्यात वाया गेलेल्या पत्र्यातून मला कापलं. हिरव्या रंगावर पांढऱ्या अक्षरांत माझ्यावर गावाचं नाव लिहिलं आणि दोन आकड्या लावून बेसबॉलच्या मैदानातल्या धावफलकावर टांगलं. फलकाला दोन ओळी. वरची पाहुण्यांची, खालची घरच्यांची. मी तीस वर्षं खालच्या ओळीत होते. आमच्या संघाचं नाव हेरॉन्स, कारण नदीवर बगळे होते.

हंगाम संपला की दोन सर्वांत चांगले संघ अंतिम मालिका खेळतात. चार सामने आधी जिंकेल तो विजेता. आम्ही तिथं तीनदा पोहोचलो. अडतीस साली ओळीनं चारही सामने हरलो. चौथ्या दिवशी माझ्यापुढं नऊच्या नऊ शून्यं होती. लोक तरी उठून गेले नाहीत.

एक्कावन्न साली फलकामागं बर्नीस हुडाक होती. मामाची पाठ कामातून गेली म्हणून एकोणिसाव्या वर्षी तिनं त्याचं काम धरलं होतं. तापलेल्या पत्र्यामागं खोक्यावर उभी राहून ती आकडे टांगायची. सातवा सामना शेवटच्या डावात एका धावेनं गेला. मैदानाचा माळी मला उतरवायला आला तेव्हा ती म्हणाली, "राहू दे तिला. गाशा गुंडाळायला ती काय पाहुणी आहे?" मी दोन दिवस तशीच टांगलेली होते, हरलेल्या आकड्यांसकट.

सत्तावन्न साली जिंकलो. शेवटच्या डावातला एकचा आकडा टांगून बर्नीसनं जादा दहाव्या डावासाठीच्या रिकाम्या चौकोनातून डोकं बाहेर काढलं. आठ वर्षं आकडे लावणारी बाई लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली आणि टोप्या काढल्या.

पाच वर्षांनी मालकानं संघ उचलला आणि वाळवंटात नेला, मिरासोलला. त्याला तिथं नवं मैदान फुकट मिळत होतं. बॅटी नेल्या, झेंडा नेला, चषक नेला, बगळ्याचं नावही नेलं. तिथं बगळ्याला पाय बुडवायला पाणी नाही. मला कोणी विचारलंही नाही. मैदान पाडायच्या आदल्या दिवशी बर्नीसनं स्वयंपाकाच्या सुरीनं माझ्या आकड्या सोडवल्या. पुढं कित्येक वर्षं मी तिच्या टोमॅटोच्या रोपांखाली आडवी होते. गंजले. त्याचं मला काही नाही.

राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. मिरासोलला पंचेचाळीस वर्षांत संघ पाच वेळा हंगामानंतरच्या सामन्यांत गेला आणि पाचही वेळा पहिल्याच फेरीत आपटला. मग त्यांना आमचं सत्तावन्न आठवलं. विजयाचं पन्नासावं वर्ष म्हणून सोहळा ठरला आणि बर्नीसला बोलावणं आलं, पाटी घेऊन या म्हणून. सत्त्याहत्तर वर्षांची बाई मला गोधडीत गुंडाळून विमानानं गेली.

तिथं जुन्या फलकाची हुबेहूब नक्कल उभी होती. आकडे आमच्या सत्तावन्नचे, आणि खालच्या ओळीत लिहिलेलं मिरासोल.

ट्रेंट नावाचा त्यांचा माणूस हसत पुढं आला. "मॅडम, पाटी काचेच्या कपाटात ठेवू. फार देखणी जुनी वस्तू आहे."

"काचेत नको. आकडीला अडकव, खालच्या ओळीत."

"तिथं आमचं नाव आहे."

"सत्तावन्न साली इथं काय होतं रे बाळा? सरडे?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. ट्रेंट समजुतीनं म्हणाला, "संघ एकच आहे, मॅडम. त्याचा इतिहास त्याच्याबरोबर येतो."

"मग एक्कावन्नही आलं असेल. अडतीसही. ते फलक कुठं लावलेत?"

ट्रेंटनं मागच्या एकुलत्या फलकाकडं बघितलं.

"तीन फलक लावा," बर्नीस म्हणाली. "तिन्ही सालांचे, तिन्हींत खाली ब्रॅकनी. मग पाटी तुमची. मी मेल्यावर तिला भंगारात टाकतील, मला माहीत आहे. म्हणून तर आणली."

त्यानं बाजूला जाऊन फोन केला. परत आला तेव्हा चेहरा खुलला होता. "जमलं, मॅडम. फलक एकच, पण तुमची पाटी त्यावर लावू. वरच्या ओळीत."

वरच्या. पाहुण्यांच्या. आमच्याच मैदानावर आम्हीच जिंकलेल्या सामन्यात.

बर्नीस ओरडली नाही. तिनं गोधडी पुन्हा बांधली. "तुझा दोष नाही," ती म्हणाली. "वर कोण आणि खाली कोण, हे तुला कोणी शिकवलंच नाही." सोहळा सुरू व्हायच्या आत आम्ही निघालो.

मित्रांनो, हरलेल्यांना विसरा हवं तर. पण ज्यांच्या हरण्याला तुम्ही हात लावत नाही, त्यांचं जिंकणं उचलू नका. आणि उचललंच, तर नाव खरवडू नका.

आता मी ब्रॅकनीत शाळेमागच्या कुंपणावरच्या धावफलकावर असते. इथं गावातल्या मुलींचा संघ खेळतो. काल आम्ही अकरा-दोन असे हरलो. बर्नीसनं नऊ डावांतली आमची सातही शून्यं टांगली, एकही न गाळता, माझ्यापुढं, खालच्या ओळीत.