उलटा ग्लास

मी एक जुना पितळी नळ आहे, मित्रांनो. पाण्याचा नाही, बिअरचा. ते पिणं तुमच्या कामाचं नाही, पण माझी गोष्ट तुमच्या कामाची आहे.

ओताऱ्याने मला ओतलं, घासलं, लाकडी मूठ बसवली आणि मी एका छोट्या बारच्या काउंटरवर येऊन उभा राहिलो. आम्ही चार नळ. चौघांचे कारखाने वेगळे, गाड्या वेगळ्या, ड्रायव्हर तर एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत. मी कोपऱ्यातला. मला पिंप यायचं मालकिणीच्या धाकट्या दिराकडून. त्याचा कारखाना म्हणजे घरामागची एक शेड.

मालकिणीला सगळे मावशी म्हणायचे. कुणी भाव वाढवला की ती त्याच्या नळाच्या मुठीवर ग्लास उलटा घालायची. म्हणजे हा नळ बंद. गिऱ्हाईक हसायचं, "मावशी, आज कुणावर रुसलात?" आठवडाभरात त्या कारखान्याचा माणूस धावत यायचा, गोड बोलायचा, भाव खाली. तेव्हा आमचा केवढा तोरा होता!

एकदा पहिल्या नळाच्या कारखान्याने भाव वाढवला. मावशीने ग्लास घातला. कुणी आलं नाही. मग दुसऱ्याने वाढवला, तेवढाच. तिसऱ्यानेही तेवढाच. तीन ग्लास उलटे झाले, तरी दारात कुणी फिरकेना.

आणि तिसऱ्याचं पिंप घेऊन आला तो पहिल्याचा ड्रायव्हर.

मावशी बघतच राहिली. "अरे, तू तर त्यांचा ना? ह्यांचं पिंप तुझ्या गाडीत कसं?"

"सगळे एकाच घरचे झालेत, मावशी. नावं तेवढी वेगळी ठेवलीत."

"मग मी रुसले कुणावर?"

"ते मला काय विचारता? मी पिंपं उतरवतो."

मला तर घाम फुटला. थंड बिअरचा नाही, खराखुरा. मावशीने माझ्याकडे बघितलं, माझी मूठ फडक्याने पुसली आणि दिराला बोलावून घेतलं.

"भाऊजी, आता तुमच्याच जिवावर दुकान चालवायचं. दुप्पट पिंपं द्या."

दीर खाली बघून बसला. "वहिनी, मी पण त्याच घराला विकलाय कारखाना."

"काय?"

"त्यांनी बाकीच्या सगळ्या बारना फुकट फ्रीज दिले. अट एकच, दुसऱ्याचं पिंप लावायचं नाही. जिथे तिथे माझे नळ काढले. फक्त तुमचा राहिला होता. एका नळावर कारखाना चालतो का?"

"एका शब्दाने बोलला नाहीत?"

"वाटलं, तुम्हाला काय, बाकीचे तिघे आहेतच."

इतकी वर्षं मावशीही तेच म्हणत आली होती. एकावर ग्लास घालताना तिला बाकीच्यांचाच भरवसा असायचा.

तिने चौथा ग्लास उचलला, माझ्या मुठीपर्यंत आणला आणि तसाच खाली ठेवला. मग बाकीचे तिन्ही काढले, धुतले, पुसले आणि फळ्यावर नवा, वाढलेला भाव लिहिला.

आता चौघांतून एकाच घरची बिअर येते. गिऱ्हाईक कमी झालंय. मावशी संध्याकाळी लवकर दिवे मालवते.

मित्रांनो, मला घासलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या गल्लीत कोपऱ्यातला कुणी छोटा दुकानदार असेल, तर त्याच्याकडे अधूनमधून जात जा. बाकीचे आहेतच, असं म्हणू नका. मावशीला आणि तिच्या दिरालाही तसंच वाटायचं.