बॉनेटखालच्या गोळ्या

कृष्णाबाईने आपल्या लेकाला, भूपेशला, उभ्या जन्मात कधी बैल धुताना पाहिलं नव्हतं. बैल होते तेव्हा तो नाकाला रुमाल लावून गोठ्यासमोरून जायचा. आता मात्र रोज सकाळी दात घासायच्याही आधी तो अंगणातल्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट उघडायचा आणि आत डोकं खुपसायचा. बॅटरीला नि फ्यूजच्या डब्याला दुधाच्या रिकाम्या पिशव्या गुंडाळायच्या, ब्रशने धूळ झाडायची, पाण्याचा हलका फवारा मारायचा, मग आईच्याच जुन्या लुगड्याच्या फडक्याने एकेक नळी पुसायची. लेकाचं हे कौतुक कृष्णाबाई ओट्यावर तांदूळ निवडता निवडता बघायची. तिला त्याची लाज वाटायची आणि ती लपवायची तिला गरज वाटत नसे.

गाडी म्हणजे भूपेशची उमेदवारी होती. गाव महापालिकेत गेलं होतं आणि तिच्या निवडणुकीला उभं राहायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं होतं. मागच्या काचेवर हात जोडलेला त्याचा फोटो होता, गळ्यात शाल होती, हाताखाली चार रिकामटेकडे होते. नव्हतं ते फक्त सांगण्याजोगं एखादं काम. तेव्हा गाडी तरी चकाचक हवी, असं त्याचं म्हणणं.

त्यात उंदरांनी इंजिनात घर केलं. पेंढ्याच्या काड्या आणून बॅटरीच्या बाजूला गादी केली आणि एक वायर कुरतडून टाकली. मेकॅनिकने वायर बदलली आणि दोनच गोष्टी बजावल्या. इंजिन स्वच्छ ठेवा आणि गाडीत खायचं काही ठेवू नका. पहिली गोष्ट लोकांना दिसण्यासारखी होती, ती भूपेशने लगेच उचलली. दुसऱ्या गोष्टीकडे त्याने कानाडोळा केला. मतदारांना वाटायच्या चिवड्याची पाकिटं मागच्या सीटवर खच्चून भरलेली होती. उंदीर रात्री चिवडा खायचे आणि पहाटे स्वच्छ पुसलेल्या इंजिनावर आडवे व्हायचे.

"चिवडा उचल भूप्या," कृष्णाबाई म्हणाली.

"आई, तुला गाडीतलं काय कळतं? तुझा पेंढा हलव आधी. सगळे उंदीर तिथूनच येतात."

पेंढा पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी रचला जात होता आणि चिवडा येऊन महिना झाला नव्हता. पण ज्याला आपलीच अक्कल मोठी वाटते त्याच्याशी वाद घालून तोंड कोण दुखवून घेणार?

मग त्याने उपाय सुरू केले. आधी डांबराच्या गोळ्या ठेवल्या. एसी लावला की तो वास आत यायचा आणि चारही रिकामटेकडे डोकं धरून बसायचे. मग तंबाखूच्या पुरचुंड्या बांधल्या. मग निळा दिवा लुकलुकणारं एक यंत्र आणलं, त्याच्या आवाजाने उंदीर पळतात म्हणे. उंदरांनी यंत्राचीच वायर खाल्ली. तेव्हा कृष्णाबाई मोकळेपणी हसली आणि भूपेशला ते लागलं.

शनिवारी संध्याकाळी त्याने तिची परात घेतली. तांदळाचं पीठ, वर मूठभर सुका जवळा, त्यात उंदरांचं औषध. मळून गोळ्या केल्या आणि बॅटरीच्या बाजूच्या पट्टीवर ओळीने मांडल्या.

"सकाली आठवनीनं काढ त्या," कृष्णाबाई म्हणाली. "दारात कोंबड्या फिरतात."

"काढतो गं!"

ती परात तिने घरात घेतली नाही, मागच्या खड्ड्यात पुरून टाकली.

रविवारी भूपेशला उशीर झाला. गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे आशीर्वाद घ्यायचे होते, फोटो काढायचे होते. महिन्याभरात पहिल्यांदा त्याने बॉनेट न उघडताच गाडी बाहेर काढली. इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर गेल्याच आठवड्यात कामणच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात तुटून पडलं होतं, ते बसवायला सवड कुणाला होती! खाडीकडच्या कच्च्या रस्त्याने गाडी हादरत गेली. दारादारात थांबली. भूपेश उतरून पाया पडला, हसला, चिवडा दिला. गाडीखालून एखाददुसरी गोळी गळून पडली, जवळ्याच्या वासाने कोंबड्या धावल्या.

दुपारपर्यंत गावात हाहाकार उडाला. पहिल्यांदा जयरामच्या कोंबड्या गेल्या. जयराम म्हणजे कृष्णाबाईचा चुलत दीर, आणि कोंबड्यांवर त्याचा जीव. मग पलीकडच्या घरातल्या, मग वळणावरच्या. जयरामच्या अंगणात माणसं जमली आणि भूपेशला आयती सभा मिळाली. गाडी तिथेच लावून तो ओट्यावर चढला.

बोट ठेवायला माणूस जवळच होता. जयरामच्या कुंपणापलीकडे स्टॅनीची भाजीची वाडी होती. कोंबड्या पालकाचे वाफे उकरतात म्हणून स्टॅनी रोज ओरडायचा, आणि त्याच्या झोपडीत उंदरांचं औषध असतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मुक्या जिवांना विष घालणाऱ्याची भाजी आपण खायची?" भूपेश गरजला. "उद्यापासून स्टॅनीचा पाला बोळिंजच्या एकाही सोसायटीत जाणार नाही. मी स्वतः गेटवर उभा राहीन!"

स्टॅनी कुंपणाशी उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. बोळिंजची गिऱ्हाइकं तुटली तर त्याची चूल बंद पडणार होती. विषाचं नाव एकदा भाजीला चिकटलं की ते कुठल्याच पाण्याने धुऊन निघत नाही.

"मी ओरडतो, पण हात नाय लावला कधी कुनाच्या कोंबडीला," तो म्हणाला. कुणी ऐकलं नाही. मग त्याने गर्दीत उभ्या असलेल्या कृष्णाबाईकडे पाहिलं. "काकी, तुम्ही तरी सांगा."

कृष्णाबाईला पहिली कोंबडी गेल्याचं कळलं तेव्हाच सगळं उमगलं होतं. ती ओट्यापाशी गेली आणि लेकाच्या सदऱ्याला हिसडा देऊन हळूच म्हणाली, "भूप्या, गोळ्या काढल्या होत्यास का सकाली?"

भूपेशची नजर गाडीच्या बॉनेटकडे गेली. कृष्णाबाईला वाटलं, आता उतरेल, आता बोलेल. तो पुन्हा लोकांकडे वळला आणि आधीपेक्षा मोठ्याने स्टॅनीच्या नावाने ओरडू लागला.

म्हातारी सरळ गाडीकडे गेली. महिनाभर रोज बघत होती, खटका कुठे आहे हे तिला पाठ झालं होतं. तिने दार उघडलं, खटका ओढला, बॉनेट वर केलं.

"भावजी, हितं या," तिने जयरामला हाक मारली. "स्टॅनीला काय इचारता? हितं बघा."

पट्टीवर तीन गोळ्या शिल्लक होत्या, जवळ्याचे तुकडे वर आलेल्या. एक खालच्या नळीवर अडकून लोंबत होती. माणसं वाकून वाकून बघू लागली. स्टॅनीकडे आता कुणाचं लक्ष नव्हतं.

भूपेश ओट्यावरून उतरला. बॉनेटकडे बघितलं, माणसांकडे बघितलं आणि त्याने दोन्ही हात जोडले.

"माफ करा," तो म्हणाला. "आईचं वय झालंय. उंदरांचा त्रास तिला बघवत नव्हता. मला न सांगता तिनेच ठेवल्या असणार. तिच्या वतीने मी गावाची माफी मागतो."

अंगणातला राग निवळला. "जाऊ दे वहिनी," जयराम म्हणाला, "या वयात होतं असं. पोरगा बघा कसा हात जोडून उभा हाय तुमच्यासाठी." दोघा-तिघांनी माना डोलावल्या. एका रिकामटेकड्याने फोटो काढायला फोन वर केला.

कृष्णाबाईने लेकाला आळशी म्हणून ऐकवलं होतं, मठ्ठ म्हणून ऐकवलं होतं, तोंडावर हसली होती, आणि तरी रोज त्याच्यापुढे भाकरी ठेवली होती. आळशी माणसाला भाकरी घालता येते. समोर उभा होता तो तिला ओळखीचाच वाटेना. तिला रडू आलं नाही, किळस आली.

फोन रोखलेला बघून भूपेश खाली वाकला. त्याचे हात तिच्या पायांकडे आले.

ती दोन पावलं मागे सरली.

"हात धू आधी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पीठ तू मललंस. ते माझ्या पायाला लावू नको."

भूपेश वाकलेलाच राहिला. फोन हळूहळू खाली आला. कृष्णाबाई वळली आणि एकटीच घराकडे चालू लागली. गाडीत बसा म्हणायची कुणाला हिंमत झाली नाही.