राजमतीचा उपास

माघ उजाडला की सांगलीच्या हळदबाजारात ऊनसुद्धा पिवळं होतं. पिवळी धूळ पत्र्यावर बसते, पोत्यांवर बसते, हमालांच्या भुवयांवर बसते. त्या पिवळ्या उजेडात नेमगोंडा चाळीस वर्षं हळद तोलत आला होता.

एका रविवारी, बाजार बंद असताना, त्याने काट्याच्या लोखंडी फळीवर आपल्या बायकोला उभं केलं. फळीवरच्या धुळीत राजमतीची दोन अनवाणी पावलं उमटली. काटा थरथरला, आणि अडतीसवर थांबला.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, "मावशी, फुप्फुसाचा एक तुकडा काढायचाय. अंगावर मांस असलं की माणूस हे सोसतो. अगदी बारीक माणसाची जखम लवकर भरत नाही, श्वासही लवकर सावरत नाही. शिमग्यापर्यंत बेचाळीस करून या."

"जल्मभर काडी म्हणून हसलासा," राजमती फळीवरून उतरत म्हणाली, "आता पोतं भराय निघालासा."

मग घरात तुपाचा वास दरवळला. डिंक आला, खारीक आली, अळिवाची खीर आली. नेमगोंडा समोर बसायचा, ती घासाघासाने खायची. पुढच्या रविवारी काटा एकोणचाळीसवर गेला. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा अडतीस.

ओली हळद सुकते, तशी उतरते. ते त्याला ठाऊक होतं. ही का उतरते, ते कळेना.

कळलं अष्टमीला. दुपारी तो अवचित घरी आला, तर परसात गाय तूपभात खात होती, आणि राजमती दारात रिकाम्या पोटाने, रिकामं ताट घेऊन उभी होती. पदराआडून खोकली. मग खालच्या मानेने म्हणाली, "बस्तीत देवापुढं बोललेय. ऑपरेशन पार पडस्तोवर अष्टमी-चतुर्दशी कडक पाळीन."

ज्याने जगायचं, तेच ती जगण्यासाठी सोडत होती.

तो रागावला नाही. पायरीवर बसला. गाय भात खात राहिली. मग तो म्हणाला, "मोडू नकोस. मला दे."

"उपास कुणाला देतंय व्हय कोण?"

"भरलं पोतं या खांद्यावरनं त्या खांद्यावर जातंय. ह्यो तर रिकाम्या पोटाचा."

ती हसली. हसता हसता डोळे पुसले.

संध्याकाळी दोघं बस्तीत, आपल्या जैन मंदिरात, गेली. समईच्या उजेडात, मूर्तीपुढे हात जोडून नेमगोंडा साध्या शब्दांत म्हणाला, "हिचा उपास आजपासून माझा." पूजा करणारे उपाध्ये हसले, पण त्यांनी अडवलं नाही.

त्यानंतर अष्टमी आली, चतुर्दशी आली. तो उपाशी बसायचा, ती त्याच्यासमोर जेवायची. पहिला घास तिला उतरायचा नाही. तो नजरेनेच म्हणायचा, घे. दुसऱ्या सकाळी पारण्याची मुगाची पेज ती त्याला निववून, फुंकून द्यायची. त्या अपुऱ्या श्वासाची फुंकर पेजेवर लहानशी लाट उठवायची.

ती भरत गेली, तो उतरत गेला. चाळीस. एक्केचाळीस. शिमग्याच्या आदल्या रविवारी काटा बेचाळीसवर थरथरला, आणि तिथेच थांबला.

ऑपरेशन पार पडलं. जखम भरली. श्वास सावरला. बारा दिवसांनी ती घरी आली आणि दारातच म्हणाली, "किती वाळलासा अवो."

त्या बेचाळीस किलोंनी चार हंगाम दिले. चार वेळा हळद पिकली, चार वेळा बाजार पिवळा झाला. मग दुखणं दुसऱ्या बाजूने आलं. पाचव्या हळदीला ती नव्हती.

बोलणं ऑपरेशनपुरतं होतं, पण उपास तिने परत मागितला नव्हता. त्यानेही परत दिला नव्हता.

अजून चतुर्दशी सरली की सकाळी, सौदे सुरू होण्याआधी, नेमगोंडा रिकाम्या पोटी बाजारात येतो. पिवळी धूळ फळीवर बसलेली असते. तो चपला काढतो. तिची पावलं जिथे उमटली होती, तिथे आपली पावलं ठेवतो. काटा थरथरतो, थरथरत राहतो, आणि सावकाश, अगदी सावकाश, थांबतो.