गप्प तोंडाची पट्टी

"नैवेद्य दाखवून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, चारू. खायला नाही आणि बोलायलाही नाही."

हे माझ्या वडिलांचं, तात्यांचं वाक्य. मी लहान होते, वाईच्या घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. त्यांनी ते एकदाच सांगितलं आणि मी ते पुढची चाळीसेक वर्षं पाळलं. चातुर्मासात तर कडकडीत. सकाळच्या आंघोळीपासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत मौन, आणि पाण्याचा घोटही नाही.

सांगलीत मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. कॉलेज घरापासून जवळ आहे, त्यामुळे बाराला घरी जाऊन नैवेद्य दाखवता येतो. माझी लेक्चरं दुपारनंतर असतात. सकाळी प्रयोगशाळेत मी खुणा करते आणि चिठ्ठ्या लिहिते. मुलं म्हणतात, मॅडम सायलेंट मोडवर आहेत. मला ते ऐकून बरं वाटतं. आपल्या व्रताची लोकांनी दखल घेऊ नये असं म्हणणाऱ्यांतली मी आहे, पण घेतली तर वाईट वाटत नाही.

माझं संशोधन जाईच्या पाल्यावर आहे. तोंड आलं की जाईची पानं चघळायची, हे घरोघरी ठाऊक असतं. पण चघळलेला रस लाळेबरोबर लगेच गिळला जातो. म्हणून पाल्याचा अर्क घालून मी नखाएवढी पातळ पट्टी केली. गालाच्या आतून चिकटवायची, म्हणजे औषध हळूहळू तिथेच मुरत राहतं. शेजारच्या टेबलावर सौमित्र निर्गुडीची पट्टी करतो, गुडघ्यावर लावायची, कातडीतून औषध आत जाणारी. त्याचं वैर घामाशी आणि माझं लाळेशी.

पट्टी किती वेळ चिकटून राहते ते आधी शेळीच्या गालाच्या आतल्या कातडीवर बघायची पद्धत आहे. ती मटणाच्या दुकानातून आणतात. गेल्या वर्षी सौमित्रने विचारलं, "ताई, शेळीचा गाल आणू का? मी तिकडेच चाललोय."

चातुर्मास होता. मी जोरजोरात मान हलवली आणि चिठ्ठी लिहिली: "माझाच गाल वापरते."

तशी परवानगी कॉलेजच्या नीतिसमितीकडून घेतली. अर्क न घातलेली कोरी पट्टी होती, त्यामुळे धोका काही नव्हता. धोका फक्त व्रताला होता, कारण नैवेद्याआधी तोंडात काही जायला नको. त्यावर मी तोड काढली. पहाटे एक पट्टी देवापुढे ठेवली, वर तुळशीचं पान ठेवलं आणि हात जोडले. म्हणजे ती प्रसाद झाली. देव काही बोलला नाही. त्याचंही मौन असावं.

पट्टी सकाळी लावली ती बारापर्यंत जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चार तासांच्या वर. साताऱ्याच्या चर्चासत्रात मी हे वाचून दाखवलं. माझा आवाज इतका हळू आहे की मागच्या रांगांना "चार तास" एवढंच ऐकू गेलं असणार, पण टाळ्या पडल्या. कुणी कौतुक केलं की मी म्हणायचे, "देवाची कृपा." म्हणताना मान जितकी खाली घालायचे, तितकी आतून ताठ असायची.

या वर्षी खऱ्या रुग्णांवर वापरायची परवानगी मिळाली. दातांच्या दवाखान्यात पहिल्या आल्या त्या धोंडुबाई. आटपाडीकडच्या. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं, आता थोडी डाळिंबंही. तोंडात सारखे फोड येत होते. डॉक्टरांनी सगळं तपासलं होतं, भिण्यासारखं काही नव्हतं, पण भाकरी दुधात कुस्करून गिळावी लागत होती. दसऱ्यानंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचं होतं, आणि वाटेवर रोज भाकरी कुस्करत बसायला वेळ कुठून मिळणार? त्याच्या आत तोंड बरं व्हायला हवं होतं.

माझी विद्यार्थिनी स्वानंदी हिने त्यांच्या गालात पट्टी लावली. मी शेजारी बसले होते, अर्थात गप्प. धोंडुबाई मात्र सांगत होत्या की त्यांची एक मेंढी शेजारच्याच्या मक्यात शिरली आणि शेजारी कसा भांडायला आला. गोष्टीतला शेजारी बांधावर पोचायच्या आतच त्यांनी दोन बोटं तोंडात घातली.

"बाई, ह्यो घ्या तुमचा कागद. निगाला."

दुसरी पट्टी लावली. शेजाऱ्याची आई भांडणात पडली त्या ठिकाणी ही पट्टी धोंडुबाईंच्या पदरावर पडली. मी चिठ्ठी लिहिली, स्वानंदीने वाचली, "आजी, मॅडम म्हणतात थोडा वेळ बोलू नका."

"बोलू नगं? मग मेंढरास्नी हाळी कोण देनार, ह्या बाई?"

तिसरीचंही तेच झालं. मला मनातून त्यांचा राग येत होता. इतकी चांगली पट्टी, चार तासांची, आणि या बाईंना जरा तोंड मिटून बसवत नाही. मी आणखी एक चिठ्ठी लिहायला घेतली. धोंडुबाई माझ्याकडे निरखून बघत होत्या.

"ह्या बाईंस्नी काय झालंय गं? मगाधरनं चिठ्ठ्याच लिवत्यात. ह्यांचं बी तोंड आलंय व्हय?"

"नाही हो आजी. मॅडमचं मौन असतं, बारा वाजेपर्यंत."

"आन खायाचं?"

"खात नाहीत. पाणीसुद्धा पीत नाहीत."

"आन ही पट्टी कुनाच्या तोंडात लय टिकली म्हनालीस मगाशी?"

स्वानंदीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

"मॅडमच्याच."

धोंडुबाई हसायला लागल्या. हसताना फोड दुखत होते म्हणून गाल हाताने धरून हसत होत्या. "आगं मग टिकंल न्हाई तर काय? बंद घरात भिताडाला कॅलेंडर लावलं तर ते पडतंय व्हय? माज्या घरात वारं हाय, पोरं हायती, मेंढरं हायती."

लिहायला घेतलेली चिठ्ठी मी चुरगळली. ना खाणं, ना पिणं, ना बोलणं. माझ्या तोंडात पट्टी टिकली यात पट्टीचं काही कर्तृत्व नव्हतं. त्या गालावर पोस्टाचं तिकीटसुद्धा टिकलं असतं. साताऱ्यात टाळ्या घेतल्या त्या औषधाच्या नव्हत्या, माझ्या मौनाच्या होत्या. आणि त्या पट्टीसाठी मी एका बाईला आटपाडीहून बोलावून घेतलं होतं.

माफी मागायची होती, पण बाराला अजून अवकाश होता. मी चिठ्ठी लिहिली: "चूक माझी आहे." स्वानंदीने ती सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी खणखणीत वाचली. एरवी तिचा आवाज इतका मोठा नसतो.

"चूकबिक ऱ्हाऊ द्या," धोंडुबाई म्हणाल्या. "म्या परत येऊ का नगं, त्येवडं सांगा. यष्टीनं यायाचं म्हंजी आक्का दिस मोडतोय."

मी लिहिलं आणि स्वानंदीने तेही तसंच मोठ्याने वाचलं: "तुम्ही येऊ नका. नवी पट्टी घेऊन मी येईन. आधी माझ्या तोंडात ठेवून बोलून बघेन. टिकली तरच तुम्हाला लावेन."

"बोलून? तुमी?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग यष्टीनंच या. सांगलीपासनं आटपाडीपतूर बोलत या. उतरताना पट्टी गालात असली तर मला लावा. नसली तर च्या घ्या आन परत जा."

मी मान डोलावली. कागदावर दिलेला शब्द खोडता येतो, पण दवाखान्यातल्या सगळ्यांनी तो ऐकला होता.

संध्याकाळी आधी साताऱ्याला कळवलं की माझे आकडे गप्प तोंडाचे आहेत, ते धरू नयेत. मग वाईला फोन लावला.

"तात्या, व्रत मोडावं लागतंय."

"कुठलं गं?"

"तुम्ही दिलेलं. नैवेद्यापर्यंत तोंड न उघडण्याचं."

मला वाटलं दुखावतील.

"मी असं व्रत कधी दिलं?" तात्या म्हणाले. मी तो उंबरा, तो दिवस, सगळं सांगितलं. "अगं, त्या दिवशी तू नैवेद्याच्या खिरीत बोटं बुडवून चाटत होतीस आणि वर 'मी नाही, मी नाही' म्हणत होतीस. म्हणून म्हटलं असेन. त्या दिवसापुरतं."

"मी अजून पाळतेय."

"आम्हाला वाटलं तुझा स्वभावच तसा. तुझ्या आईला तर काळजी वाटायची, या पोरीचं सासरी कसं होणार." ते जरा थांबले. "चारू, गप्प बसणं तुला जड जातं का गं?"

"नाही."

"आणि अनोळखी माणसाशी बोलणं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग व्रत कशाला म्हणायचं ते तूच ठरव," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. त्यांना सायंपूजेची घाई होती.

पुढचे काही आठवडे पट्टीवर गेले. सौमित्रच्या गुडघ्याच्या पट्टीला मागून एक पातळ थर असतो, पाणी न धरणारा. तो तोंडातही चालतो. तीच पाठ मी माझ्या पट्टीला दिली आणि समितीकडून नव्याने परवानगी घेतली. आणि शेळीचा गालही आणवला. सौमित्र म्हणाला, "ताई, चातुर्मास संपला नाही अजून." मी म्हटलं, "माहीत आहे." त्या दिवशी देवापुढे एक वात जास्त लावली, शेळीच्या नावाने.

दसऱ्याआधीच्या गुरुवारी पूजा लवकर आटोपली. कोरी पट्टी गालात चिकटवली. अर्काच्या पट्ट्या स्टीलच्या डबीत घालून डबी पर्समध्ये ठेवली आणि सांगलीच्या स्टँडवर जाऊन आटपाडीच्या गाडीत बसले. शेजारी एक बाई येऊन बसल्या, मांडीवर पिशवी, पिशवीतून शेपूची जुडी डोकावत होती. गाडी सुटली. मी खिडकीबाहेर पाहत नामस्मरण करत राहिले. बोलायला काय लागतं, मी स्वतःला समजावत होते, एवढी माणसं रोज बोलतात. माधवनगर गेलं. बुधगाव आलं.

"कुठं निघालात?" मी विचारलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. मलाही नीट ऐकू आलं नव्हतं. मी जिभेने पट्टी चाचपली, घसा खाकरला, आणि त्यांच्याकडे वळून पुन्हा विचारलं.