एका इकाम्याचे दोन कफील

युरोपातल्या कुठल्याशा मतदानाने आपल्या तोंडचं पाणी पळेल, असं जलाल मुकादमला कुणी सांगितलं असतं, तर त्याने त्या माणसाला सरळ वेड्यात काढलं असतं. अहो, सौदीतल्या अल खफजीपासून हाकेच्या अंतरावर सरहद्द, सरहद्दीपलीकडे कुवेत गिळून बसलेली इराकी फौज, आणि हा बाबा काळजी कुणाची करणार, तर युगोस्लावियाची! पण झालं मात्र तसंच.

जलाल ज्या बांधकाम कंपनीत कारकून होता, ती युगोस्लाव होती. मॅनेजर दोन. उंच, अबोल यानेझ स्लोव्हेनियाचा. जाडजूड, गडगडाटी हसणारा द्रागन सर्बियाचा. सहा वर्षं दोघे एकाच टेबलावर जेवले. मग नव्वदच्या डिसेंबरात स्लोव्हेनियाच्या लोकांनी युगोस्लावियातून बाहेर पडायच्या बाजूने मतं दिली आणि द्रागनचं हसणंच बंद झालं. आठवड्याभरात दम्मामच्या बँकेने कळवलं की कंपनी नक्की कुठल्या देशाची ते ठरेपर्यंत हमीपत्र मिळणार नाही. सिमेंटवाला रोकड मागू लागला. क्रेनवाला तर काही न बोलता क्रेनच घेऊन गेला.

दोघांनी आपापल्या नावाचे नवे शिक्के करून घेतले. ऑफिस माझं, जीप माझी, झेरॉक्सचं मशीन माझं. साठ कामगारांचे पगार आणि परतीची तिकिटं कुणाच्या अंगावर, असं विचारलं की मात्र दोघेही खिडकीबाहेर बघायला लागत. जो ‘ही माझी माणसं’ म्हणेल त्याच्या बोकांडी खर्च बसणार, हे दोघांनाही चांगलं कळत होतं.

जलालच्या घरी वेगळाच घोर होता. कुवेत सोडायला इराकला पंधरा जानेवारीची मुदत दिलेली होती, त्यानंतर युद्ध. हफीजाला सातवा महिना. तिला आणि पाच वर्षांच्या सहरला त्याआधी रत्नागिरीला धाडायचं, बस्स, एवढं एकच काम जलालच्या डोक्यात होतं. चौदा तारखेची तिकिटं त्याने काढूनही ठेवली होती. राहिला होता तो पासपोर्टवरचा एक्झिटचा शिक्का, आणि त्यासाठी कफीलचं, म्हणजे जिच्या जबाबदारीवर इकामा, इथे राहायचा परवाना, मिळतो त्या कंपनीचं पत्र.

“अहो, समोरची इजिप्तची बाई पोरांना घेऊन गेलीसुद्धा,” हफीजा म्हणाली. “आपलं कधी होणार?”

“होतंय गं. पक्कं काम करतोय मी, कच्चं नाही.”

आणि इथेच माती खाल्ली माणसाने. कंपनीचा जुना, दोघांच्या सामाईक नावाचा शिक्का त्याच्याच ड्रॉवरमध्ये पडलेला होता. तो मारायचा आणि मोकळं व्हायचं! पण जलालला आठवलं त्याचं गाव. गावची जमात, म्हणजे मशिदीची पंचायत, एकदा फुटली होती, इमामाच्या नेमणुकीवरून. एका गावात दोन जमाती, आणि जमातीच्या चिठ्ठीशिवाय निकाह लागत नाही. जलालच्या लग्नात त्याच्या वडिलांनी दोन्ही जमातींच्या चिठ्ठ्या आणल्या, दोन्हीकडच्या मानकऱ्यांना शेजारी शेजारी बसवून सरबत पाजलं, आणि निकाह असा लागला की कुणाला तक्रारीला जागा उरली नाही. ‘फूट पडली की दोघांचेही कागद घ्यायचे,’ हे जलाल तेव्हापासून मनात धरून बसला होता.

त्याने यानेझकडून पत्र घेतलं, यानेझच्या नव्या शिक्क्याचं. द्रागनकडूनही घेतलं, द्रागनच्या नव्या शिक्क्याचं. आपल्याच हुशारीवर खूश होत, दोन्ही पत्रं, तिघांचे पासपोर्ट आणि इकामा घेऊन तो जवाजातमध्ये, पासपोर्टच्या कचेरीत, गेला.

खिडकीतल्या अधिकाऱ्याने एक पत्र वाचलं. दुसरं वाचलं. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवली.

“एका इकाम्याचे दोन कफील?” त्याने विचारलं. “तू कुणाचा माणूस?”

“दोघांचा, सर. कंपनी एकच आहे.”

“इथे तर दोन दिसतायत. तुमच्या साहेबांचा देश एक की दोन, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्या फाइलीत कफील एकच लागतो.” त्याने पासपोर्ट, इकामा सगळं खणात टाकलं आणि दोन्ही कंपन्यांची नावं लिहिलेली एक पावती पुढे सरकवली. “जुन्या शिक्क्याचं पत्र आणलं असतंस तर मी आत्ता सही केली असती. आता फाइलीवर नोंद झाली. एकाने लेखी द्यायचं की हा माणूस माझा, मग ये. खलास.”

जलालने पावती उचलली. स्वतःच्या हाताने! कुणी सांगितलं होतं हा शहाणपणा करायला?

त्यानंतर सहा दिवस तो या टेबलावरून त्या टेबलावर नाचला. द्रागन म्हणाला, “तुझं एकट्याचं दिलं, तर उद्या साठ जण रांग लावतील.” यानेझ म्हणाला, “घरून वकिलाचं पत्र येऊ दे.” जलालने हात जोडले, आवाज चढवला, एकदा तर यानेझसमोर रडलाही. चौदा तारीख आली, विमान गेलं. सोळाला जवाजातच्या दाराला कुलूप लागलं. अधिकारी दक्षिणेला निघून गेले होते. हफीजाला त्याने सगळं खरं सांगून टाकलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, “माझ्या बाळंतपणाचं काय करायचं ते ठरवा आता,” आणि बॅगेतले कपडे परत कपाटात लावू लागली.

सतराला पहाटे युद्ध सुरू झालं. सकाळी इराकी तोफांचे गोळे खफजीवर आले, तेलाच्या एका टाकीने पेट घेतला आणि आकाश काळं झालं. सगळं शहर जुबैलच्या रस्त्याला लागलं. जलालने बायको-मुलीला शेजारच्या पाकिस्तानी ड्रायव्हरच्या पिकअपमध्ये बसवलं आणि स्वतःही चढला. सहर सारखी विचारत होती, “अब्बा, हम वापस कब आएंगे?”

चौकीवर सैनिकांनी गाडी अडवली. बिनकागदाचा परदेशी म्हणजे इराकचा हेर, अशी हवा होती. जलालने पावती दाखवली. सैनिकाने ती उलटसुलट केली. “दोन कंपन्या? कफील कोण तुझा?”

आणि तेवढ्यात मागच्या गाडीत त्याला दिसले, यानेझ आणि द्रागन! एकाच जीपमध्ये. यानेझ गाडी चालवत होता, द्रागनच्या मांडीवर पाव होता. दोघांनी खिडकीतून एकसारखे लाल पासपोर्ट पुढे केले आणि सैनिकाने ते बघून परतही दिले.

जलाल धावला. “साहेब, एक शब्द बोला! एवढंच सांगा की मी तुमचा माणूस!”

“तुमचा आहे का हा?” सैनिकाने विचारलं.

यानेझने द्रागनकडे बघितलं, द्रागनने यानेझकडे. मग दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. सैनिक म्हणाला, “यल्ला, यल्ला,” आणि जीप निघून गेली.

बिनकागदाच्या पुरुषांसाठी लष्करी ट्रक उभा होता, बायका-मुलांसाठी पिवळी बस. ट्रक कुठे जाणार आणि बस कुठे, ते कुणी सांगेना. हफीजाने सहरला कडेवर घेतलं आणि बसच्या पायरीवर थांबून वळून बघितलं.

“थांबा!” जलाल सैनिकाचा हात धरून ओरडला. “ती माझी बायको आहे. ती माझी मुलगी आहे. आम्हाला एकत्र ठेवा!”

सैनिक तरुण होता, वाईट नव्हता. त्याने जलालचा हात हळूच सोडवला आणि आपला तळवा पुढे केला.

“कागद?” त्याने विचारलं.